पान्से नदीवर सगळे येणार आहेत

रविवार, ३० जून
आजपासून नवा नियम. दर रविवारी फॅमिली ट्रिप. काली शहरातून गाडी काढली की तासाभरात नदी, डोंगर, सगळं; आणि आमची मंडळी मॉलमध्ये फिरतात! घर बांधून ठेवायचं तर कुणीतरी पुढाकार घ्यावा लागतो. कुणी? अर्थात मी.
पहिली ट्रिप पान्से नदी. काठावर चूल मांडायची, मोठ्या पातेल्यात कोंबडीचा सांकोचो, केळी-कणसं घालून दाट रस्सा. सकाळी सहाला निघायचं. उशीर चालणार नाही.

मंगळवार, २ जुलै
मुलीला, यामिलेतला, फोन केला. म्हणाली, "बघते, पप्पा." म्हणजे हो.
मुलगा ओल्मेदो म्हणाला, "तुम्ही ती शिट्टी आणणार असाल तर मी नाही." गमत्या आहे. माझ्यावर गेलाय.
अम्पारोला मेसेज टाकला. बायको सध्या पाल्मिराला बहिणीकडे असते, हवापालटासाठी. गेल्या ऑगस्टपासून. इथली हवा तिला मानवत नाही. दोन निळ्या खुणा आल्या. वाचलंय म्हणजे निम्मी आलीच.

रविवार, ७ जुलै
गाडी धुऊन सहाला तयार. कोणी नाही. यामिलेतच्या पोरीला ताप. ओल्मेदोचा फोन बंद. बॅटरी बदल म्हणून किती वेळा सांगितलं!
कोंबडी फ्रीजरमध्ये ठेवली. नदीच्या रस्त्यानं अर्ध्यापर्यंत जाऊन आलो. रिहर्सल. शेजारी कुणी बोलणारं नसलं की ड्रायव्हिंगवर लक्ष छान राहतं.

बुधवार, १० जुलै
यामिलेत मिक्सर न्यायला आली. आईला हवाय म्हणे. नेऊ दे. ज्यूस मी सोडणारच होतो.
बस म्हटलं तर बसली नाही. दारातूनच म्हणाली, "पप्पा, मम्मीला पेट्रोल पंपावर सोडून निघून गेलात. कुणी विसरलेलं नाही ते."
राईचा पर्वत! कालिमा तलावाहून परत येताना मी दहा मिनिटांचा हॉल्ट दिला होता. सगळ्यांना नीट सांगून. ही बाथरूमच्या रांगेत. शिस्त म्हणजे शिस्त, निघालो. पण पुढच्या चौकातून वळून आलोच की नाही? तोवर बाईसाहेब पाल्मिराच्या बसमध्ये बसून पसार. माणसानं जरा वाट नको बघायला?
हे सगळं यामिलेतला समजावणार होतो. पण ती जिना उतरून गेली होती.

शनिवार, २० जुलै
स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. खिडकीत झेंडा लावला. रस्त्यावरून चांगला दिसतो.
धोरण बदललं. सहाऐवजी आठ. शिट्टी घरीच. सगळ्यांना परत विचारलं. यामिलेतला उद्या घर आवरायचंय. ओल्मेदोला काम. अम्पारोकडून निळ्या खुणा. रविवारीसुद्धा एकाला फुरसत नाही. घराणंच कष्टाळू.
उद्या मी एकटाच जाऊन चांगली जागा हेरून येतो. पुढारी माणसानं आधी जायचं असतं.

रविवार, २१ जुलै. संध्याकाळ
पान्सेला गेलो. गर्दी, धूर, गाणी. पुलावरून जागा बघत होतो.
खाली झाडाजवळ एक मोठं पातेलं. जावई, फाबियान, चुलीत लाकडं सारत होता. ओल्मेदो पोरांच्या मागे पाण्यात. अम्पारो पाय पाण्यात सोडून बहिणीशी हसत होती. मान मागे टाकून. ती अशी हसते हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं.
सगळे आले होते.
सरप्राइज असेल, मला आता फोन येईल, असं वाटलं. फोन काढून हातात धरला. मग यामिलेतनं वर पाहिलं. पळी तिच्या हातात तशीच राहिली. एकेक करून सगळ्यांच्या माना वर वळल्या.
मीच ओरडलो, "अरे वा! तुम्हीपण इथेच? माझे मित्र आहेत वरच्या वळणावर. थांबलेत माझ्यासाठी!" हात हलवला, पूल उतरलो आणि काठानं चालायला लागलो.
वळणाशी मागून अम्पारो आली. अनवाणी, हातात वाडगा. "घ्या, गरम आहे. कुठेत तुमचे मित्र?"
वळणावर दगड होते, पाणी होतं.
म्हटलं, "गेलेले दिसतायत."
"असतील गेले," ती म्हणाली. एका दगडावर बसली. "बसून खा. वाडगा परत न्यायचाय, बहिणीचा आहे."
बोलायचं पुष्कळ होतं. म्हणालो, "कोंबडी मऊ शिजलीय."
"फाबियाननं केलंय."
ती पाण्याकडे बघत राहिली. घाई केली नाही तिनं. मी जमेल तितकं सावकाश खाल्लं. तरी संपलंच. तिनं वाडगा माझ्या हातातून घेतला, नदीत विसळला आणि त्यांच्याकडे गेली.