त्याने भरलेली हवा

प्रिय हट्टी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही फाडलं नाहीस, म्हणजे अर्धी लढाई मी जिंकलो. आता शेवटपर्यंत वाच. मधेच राग येईल. आला तर घोटभर पाणी पी आणि पुन्हा वाच. मला नेमकं हेच कधी जमलं नाही, म्हणून तुला सांगतोय.

तुझ्या दादाच्या सायकलची फ्रेम मंगळवारी वर्कशॉपमध्ये आली. तुझे बाबा स्वतः घेऊन आले होते, जुन्या चादरीत गुंडाळून. चाकं, हँडल, पेडल सगळं घरीच काढून ठेवलेलं, नुसता सांगाडा. ताईंच्या टेबलावर ठेवून म्हणाले, मुलीला रविवारच्या शर्यतीत हीच चालवायचीय, चालवण्याजोगी आहे का तेवढं तपासून सांगा. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी हातात टायर धरून खांबासारखा उभा. जाताना मात्र दारातून वळले आणि म्हणाले, जेवतोस ना रे वेळेवर? हो म्हणालो. साफ खोटं. ताईंना तर तू ओळखतेसच. नवऱ्यामागे दुकान त्यांनी एकटीने ओढलंय आणि जीभ अशी की टायर काढायच्या पट्टीसारखी आत घुसते आणि माणूस सोलून काढते. त्या म्हणाल्या, हे काम तुझं नाही, मी करते. मी अडून बसलो. मग म्हणाल्या, ठीक आहे, पण डोकं घरी ठेवून ये, हात तेवढे घेऊन ये.

मी काय बोललो होतो ते मला आठवतंय, तू आठवण करून द्यायची गरज नाही. तुमच्या जिन्याखाली, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं ओरडलो होतो, की तू त्या फ्रेमवर बसलीस तर करवतीने तिचे दोन तुकडे करीन. तू शांतपणे विचारलंस, तू कोण माझा? आणि वर निघून गेलीस. मी तिथेच तुमच्या लेटरबॉक्सवर बुक्की मारली. त्याचं दार अजून वाकडं असेल. त्या दिवसापासून तुझ्या लेखी माझ्या शब्दाला किंमत नाही हे मला माहीत आहे, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

तर फ्रेम. स्टँडवर लावली आणि तासभर नुसता बघत बसलो. पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणाऱ्या शॉकवर चालणारी, पण डोंगर चढायलाही तितकीच हलकी, अशी फ्रेम दादाने किती शोधून घेतली होती! कॉलेजच्या शेवटच्या बाकावर आम्ही दोघं वहीत तिचीच चित्रं काढायचो. त्याचं म्हणणं, चढावर पेडल मारताना जी मागून डुलते ती सायकल नव्हे, पाळणा. ही डुलत नव्हती. तो गेल्यावर त्या बाकावर मी आठवडाभरही बसू शकलो नाही. सर हजेरी घेताना त्याच्या नंबरापाशी थांबायचे आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा. एके दिवशी उठलो आणि सरळ इथे आलो. घरी बाबा पाहुण्यांना सांगतात, आमचा इंजिनिअर होता होता पंक्चरवाला झाला. सांगू देत.

खरं सांगतो, मी तिच्यात दोष शोधायलाच बसलो होतो. एखादी चीर, एखादा वाकडेपणा, काहीही, म्हणजे तू बसणार नाहीस. मागच्या टोकापासून पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणला. मधल्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं. शॉकचा एक बोल्ट काढून मागचा भाग उचलला आणि सोडला. अडखळला नाही, करकरला नाही, हळूच खाली आला, दमून कुणी खुर्चीत बसावं तसा. बेअरिंगं बोटाने फिरवली, लोण्यासारखी. फक्त डाव्या बाजूला, टाच घासून घासून रंग उडालेला. पाय फेंगडे टाकायचा ना तो! तू त्याला बदक म्हणायचीस. त्या घासलेल्या जागेवर मी अंगठा ठेवला आणि तो तिथेच फिरवत राहिलो. ताई आतून ओरडल्या, फ्रेम तपासतोयस की तिचे पाय दाबतोयस?

मग शॉक. त्याच्या दांड्यावर एक बारीक रबरी कडी असते. शॉक जेवढा दबतो तेवढी ती सरकते, आणि शॉक परत वर आला तरी ती तिथेच राहते. ही कडी पार टोकाला होती. म्हणजे त्या दिवशी उतारावर दादाच्या चाकाला तो दगड लागला तेव्हा शॉक तळापर्यंत गेला होता, आणि त्यानंतर या सायकलवर कुणी बसलंच नाही. वर्ष होत आलं, ती कडी तिथेच आहे. आणि शॉकच्या आत, स्प्रिंगच्या जागी, हवा आहे. त्या सकाळी टेकडीच्या पायथ्याशी गुडघ्यावर बसून, पंप लावून, आपल्या वजनाला बेतून त्याने ती भरली होती. तू थर्मास घेऊन शेजारी उभी होतीस. मी म्हणत होतो, आटप लवकर, आणि तो म्हणत होता, फटाक्या, तुझी वात जरा लांब ठेवत जा. शॉक नीट तपासायचा तर आधी ती हवा सोडावी लागते. किती आहे बघायला नुसता पंप जोडला तरी जराशी निसटतेच. मी व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि परत लावलं. त्याच्या हाताची म्हणून या जगात एवढी तरी हवा बंद करून ठेवलेली आहे, आणि ती सोडणारा मी कोण?

तेव्हापासून काय झालंय कळत नाही. दुसऱ्या सायकलचं काम करताना वाटतं, स्टँडवरची फ्रेम जरा वळली. तिच्याकडे पाठ करून बसवत नाही. काल दुपारी भर उजेडात मी तिला चक्क म्हणालो, अरे, थांब की जरा. पाना न्यायला आलेलं गिऱ्हाईक इकडेतिकडे बघायला लागलं.

बुधवारी नाण्याने ठोकायला घेतली. थरावर थर चिकटवून केलेल्या या कार्बनच्या नळीत डोळ्याला न दिसणारं काही असेल तर ते कानाला कळतं. नाणं हलकेच आपटत जायचं. नळी धड असली तर टक, टक, टक असा खणखणीत आवाज येतो, आतले थर सुटले असतील तिथे तो बसतो. वरची नळी झाली, मागचे दोन्ही हात झाले. कुणाच्या तरी दारावर टकटक करत चाललोय असं वाटत होतं. मग खालची नळी, पेडलच्या जरा वर, जिथे त्याने तू दिलेलं बदकाचं स्टिकर लावलंय. तिथे नाणं पडलं आणि आवाज आला, थप.

आता जे लिहितोय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्या दिवशी उतारावर मी त्याच्या मागे होतो, वळणाच्या अलीकडे. तो दिसत नव्हता. मी फक्त ऐकलं. ओरडणं नाही, धडपडणं नाही, एकच आवाज, थप. तुझ्या आईने किती वेळा विचारलं, शेवटी काही बोलला का रे तो? मी नाही म्हणालो, ते खरंच होतं. पण तो आवाज माझ्या कानातून गेला नाही. झोपेत येतो, दार लागलं की येतो. आणि बुधवारी तो माझ्याच हाताखालून आला. नाणं खाली पडलं. ताईंनी येऊन ते उचलून दिलं.

तू म्हणशील, स्टिकरमुळे आवाज बसला असेल. मलाही आधी तेच वाटलं, वाटावं अशी इच्छा होती. तसलंच स्टिकर एका भंगार नळीवर चिकटवून ठोकलं. खणखणीत. मग बदकावर अंगठ्याने दाबलं, तर आतून बारीक चिर्र झालं. ताईंनीही दाबून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. आपण सगळे वर्षभर काय म्हणत आलो, तो गेला आणि सायकलला साधा ओरखडा नाही. तसं नव्हतं गं. तिलाही लागलं होतं, फक्त आतून. ती रविवारी तुला टेकडीवर चढवेल, डुलणार नाही, कुरकुरणार नाही. आणि उतारावर कुठल्या तरी दगडावर, न सांगता, सोडून देईल.

हे सगळं ताई एका ओळीत लिहून देऊ शकतात. पण तू म्हणशील, त्यानेच ताईंना फितवलं, करवत नाही चालली म्हणून ही युक्ती. मग रागारागात फ्रेम दुसऱ्या दुकानात नेशील. तिथे वरून बघतील, ओरखडा नाही म्हणतील, आणि तू बसशील. मी तुला पुरता ओळखतो. म्हणून हे पत्र. माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणत नाही, तो हक्क मी तुमच्या जिन्याखाली घालवला. एवढंच कर, रविवारच्या आधी एकदा दुकानात ये. मी बाहेर रस्त्यावर उभा राहीन, आत पाऊलही टाकणार नाही. नाणं स्टँडवर ठेवलंय. तू स्वतः ठोक, बदकापर्यंत ये, आणि ऐक. ऐकलंस की मग व्हॉल्व्ह तूच दाब. हवा मी सोडलेली नाही, एवढीशीसुद्धा नाही. ती जाताना त्याच्या माणसाने जवळ असावं. आणि एकटीला धीर होत नसेल तर दारातून नुसती हाक मार. मी आत येईन आणि आयुष्यात पहिल्यांदा एक शब्दही बोलणार नाही.

तुझाच,
कोण, ते तू ठरव.