मेहुण्याला नेलं म्हणे!

३ मार्च

मेहुण्याला परग्रहावरच्यांनी नेलं म्हणे! धाकट्या बहिणीचा नवरा. परवा संध्याकाळी घरातून बाहेर पडला, काल सकाळी अनवाणी परत आला. "तळ्यावर हिरवा उजेड आला, मी उचलला गेलो. बूट त्यांनी ठेवून घेतले." एवढ्या लांबून यायचं आणि न्यायचं काय, तर झिजलेले बूट!

४ मार्च

सलूनवाल्याने गावभर केलं. माझ्या तोंडाला फेस लावून — म्हणजे मला बोलता येऊ नये! — सांगतो, "दादा, तुमच्या मेहुण्यांच्या मानेवर खूण आहे. मी स्वतः पाहिली." फेसासकट बोललो, "ती तुझ्याच वस्तऱ्याची!" सगळे हसले. पटलं एकालाही नाही.

मिशी फुटल्यापासून दुर्बिणी दुरुस्त करतोय. भिंग घासायला कुणी शिकवलं नाही, आकाश वाचायलाही नाही. शुक्र पाहून उडती तबकडी म्हणणारे, विमान पाहून म्हणणारे, भिंगावरचा डाग पाहून म्हणणारे — सगळे माझ्या दुकानात येऊन गेले. तिकडे कुणी नसेलच असं मी कुठे म्हणतो? पण नेलेल्यांपैकी एकाने तरी तिथला एक खिळा आणलाय? फोटो तर कायम थरथरलेले!

५ मार्च

बायको म्हणते, "लोकांच्या आकाशात कशाला नाक खुपसता?" लोकांच्या? माझी बहीण आहे ती! उद्या तिला वेड्याची बायको म्हणतील. ही थाप उघडी पाडणारच.

७ मार्च

सापडलं! तळ्यावर जाऊन आलो. हिरवा उजेड म्हणजे पंपहाउसच्या टोकावरचा दिवा. आणि इतकी वर्षं त्याचा बल्ब बदलत होतं कोण? मेहुणाच! गेल्या महिन्यात पंप आपोआप चालायला लागले आणि याला घरी बसवलं, तोवर दिवा याच्याच ताब्यात. बायकोचा चेहरा विसरेल, पण तो दिवा विसरणार नाही. म्हणजे चूक नाही, शुद्ध लोणकढी!

आणि बूट! बांधाच्या टोकाला, पाण्याकडे तोंड करून, जोडीने ठेवलेले. मोजे घडी करून आत. डाव्या बुटात घड्याळ. वा! परग्रहावरची मंडळी फारच टापटिपीची दिसतात!

८ मार्च

मेहुणा झोपला होता. धाकटीपुढे बूट ठेवले, दिव्याचं सांगितलं, टापटिपीचा विनोदही केला. हसली नाही. मोजे बाहेर काढले, परत तसेच आत ठेवले.

"दादा, तो दिवा त्यांना ओळखू आला नसेल का?"

"तेच म्हणतोय मी! धडधडीत खोटं —"

"मग माणूस पाण्यापाशी घड्याळ काढून कशाला ठेवतो, ते सांग."

मी डाव्या बुटातलं घड्याळ बाहेर काढलं.

"ते परत आले, दादा. काय सांगत आले, याच्याशी मला काय करायचंय? डॉक्टरांकडे यायला कसेबसे तयार झालेत. तू तुझा पुरावा उचल आणि जा." घड्याळ तेवढं तिने ठेवून घेतलं.

भिंगावरचा धुळीचा कणही नजरेतून सुटत नाही म्हणून मिरवणारा मी! मोज्यांची घडी पाहिली, बुटांचं तोंड कुणीकडे तेही पाहिलं. आणि काय सुचलं — विनोद!

९ मार्च

बूट नाहीसे केले.

११ मार्च

मेहुण्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. येताना त्याने खाली बघत विचारलं, "दादा, तुम्ही एवढं आकाश बघता. खरंच नेतात का हो माणसाला?"

"नेत असतील," म्हटलं. "पण परत आणून सोडतात. तेवढं लक्षात ठेवा."

मग सलूनमध्ये जाऊन बसलो. फेस लावायच्या आधीच सांगून टाकलं — त्या दिवशी हिरवा उजेड मीही पाहिला.