तांदळातली हार्ड डिस्क

५ ऑगस्ट
कंप्युटर सुरू होताना कट्-कट् करतोय. मी राखतो त्या बंगल्याच्या शेठनी टाकून दिलेला, जुना. चालायचंच. मळवलीत कुणाचाही कंप्युटर बिघडला की मलाच बोलावतात, तेव्हा घाबरायचं कारण नाही.
हार्ड डिस्कवर सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. गेल्या वर्षी त्या गेल्या. रेकॉर्डिंग बायकोच्या, सुषमाच्या फोनमध्ये होतं. फोन भरला म्हणून मीच इकडे घेतलं, आईचा आवाज आता ह्या डबीत म्हणून तिला डिस्क दाखवली आणि फोनमधलं पुसून टाकलं. शिवाय डी ड्राइव्हवर बॅकअप आहे. मी काही कच्चा गडी नाही.

६ ऑगस्ट
सी उघडत नाही. डी पण नाही. सी आणि डी एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात, हे आज कळलं. आधी कुणी सांगायला नको?
सुषमानं विचारलं, अवो, रविवारी कुरवंड्याला माहेरी वर्षश्राद्धात आईच्या ओव्या लावाल न्हवं? व्हय म्हणालो. आवाज घोगरा आला. सर्दी असावी.
केबल काढून लावली. रॅम खोडरबरानं पुसली. कट्-कट्. यूट्यूबवर एकजण म्हणतो, फ्रीझरमध्ये ठेवा. मटारच्या पिशवीखाली ठेवली.

७ ऑगस्ट, सकाळी
बाहेर काढली तर पाणी निथळतंय. टॉवेलनं पुसली. भिजलेला मोबाइल तांदळात ठेवतात. कोपऱ्यात इंद्रायणी तांदळाची पिशवी होती, तिच्यात खोल खुपसली. उद्या चालू होणार म्हणजे होणार.

८ ऑगस्ट
पिशवी जागेवर नाही! सुषमानं ते तांदूळ वर्षश्राद्धासाठी माहेरी पाठवले. जेवण गेलं नाही.
संध्याकाळी मेव्हण्याचा, सत्यमचा सुषमाला फोन. तांदळात लोखंडाची डबी निघाली म्हणे. मी न्हाणीत शिरून कडी लावली. बाहेर सुषमा त्याला सांगत होती, नीट ठेव, आईचा आवाज हाय त्यात. आपण सोनं तांदळात ठेवतो न्हवं, तसंच ह्यांनी ठेवलंय.
बराच वेळ बाहेर यायचा धीर झाला नाही.

९ ऑगस्ट
कुरवंड्याला पोचलो तर डिस्क सासूबाईंच्या फोटोपुढे. वर हळदकुंकू, झेंडूचं फूल. सत्यमनं शेजारचा कंप्युटर मागून आणलेला. दाजी, लावा की, म्हणाला. नशिबानं लाइट नव्हती. लाइट आली की लावतो म्हणालो.
पंगत उठली. लाइट आली.
फूल बाजूला करून डिस्क जोडली. कट्-कट्. कट्-कट्. सासूबाईंच्या, म्हणजे त्यांच्या अंबूच्या, जोडीनं दळायला बसणाऱ्या हिरामावशींनी सगळ्यांना गप्प केलं. अंबू खुंटा ठोकतीया जात्याचा, म्हणाल्या, आता गाईल. सगळे कान देऊन बसले. मला दरदरून घाम.
सुषमानं माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. स्वतःच ओवी धरली. पहिली ओळ म्हणाली, दुसरी येईना. फुडचं आईलाच यायचं, म्हणाली.
उद्या नवी हार्ड डिस्क आणणार आहे. तिच्यावर काय ठेवायचं, ते सुचत नाही.