टाकीतलं पाणी फिरतं झालं

प्रिय सूनबाई,

आयुष्यात मी अर्ज सोडून दुसरं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे हे पत्र अर्जासारखं वाटलं तर हसून घे. फोनवर बोलता आलं असतं, पण फोन हातात आला की मी "बरं, बरं" म्हणतो आणि तो आईकडे देऊन मोकळा होतो, हे तुला माहीत आहे.

आधी बातमी सांगतो. माशांच्या टाकीतलं पाणी आता नीट फिरतंय. गेले सात महिने माझा तोच उद्योग चाललाय. आई शेजारणीला सांगते, "लोक निवृत्त झाल्यावर स्वतः फिरायला जातात, आमचे हे पाण्याला फिरवतात." शेजारीण हसते, मीही हसतो. तू माहेरी गेलीस तेव्हा टाकीत काय काय उरलं होतं ते तुला आठवत असेल. एक जोकर मासा. मागच्या खडकावर अळंबीसारख्या दिसणाऱ्या प्रवाळांची तळहाताएवढी वस्ती. आणि माझ्या लेकाची ती लाडकी हातोडी, टोकाला हातोडीचा आकार असलेल्या बोटांचं ते हिरवं प्रवाळ. त्याला पाच तोंडं होती, त्यातली दोन जिवंत. बाकी सगळं मी बादलीत काढलं. मेलेलं प्रवाळ हाताला खडूसारखं लागतं.

मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकतीस वर्षं मी पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह फिरवले. आमचं शास्त्र एका वाक्याचं. पाणी इकडून तिकडे जायला हवं, जोर टिकायला हवा, आणि ते उलटं येता कामा नये. उलटं आलं म्हणजे कुठेतरी काहीतरी फुटलंय. त्याच हिशेबाने मी टाकीत लाटा उठवणारे दोन्ही पंखे एका बाजूला लावले आणि जोर पूर्ण सोडला. पंधरा दिवसांत एका कोपऱ्यातली वाळू उडून खालची काच उघडी पडली. दुसऱ्या कोपऱ्यात, खडकामागे, लालसर काळा बुळबुळीत थर चढला. आणि हातोडी वाऱ्यात छत्री उलटी व्हावी तशी झाली. एका अंगाचं मांस सुटून आतलं पांढरं दिसायला लागलं. मी ते रोज बघत होतो आणि जोर कमी करत नव्हतो. कमी जोराने काही नीट होतं, हे मला आयुष्यात कुणी शिकवलंच नव्हतं.

मग एका सकाळी प्रोफेसर आले. म्हणजे तो माशांचा दुकानदार, ज्याला आपल्याकडे सगळे प्रोफेसर म्हणायचे, कारण एक मासा विकताना तो अर्धा तास व्याख्यान द्यायचा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. चपला काढल्या, टाकीसमोर मांडी घातली आणि तासभर बसला. एक शब्द नाही. प्रोफेसर आणि गप्प! मग म्हणाला, "काका, समुद्राला नळ नसतो." त्याने मला समजावलं. प्रवाळाला जागचं हलता येत नाही. त्याचं खाणं पाण्याने आणायचं, त्याची घाण पाण्यानेच न्यायची. पण सतत एकाच बाजूने मारा झाला तर कुठलाही जीव टिकत नाही. थोडं इकडून, थोडं तिकडून, मध्ये जरा उसंत. पंखे समोरासमोर लावायचे, तेही प्रवाळावर रोखून नाही, पुढच्या काचेकडे किंचित तिरके. दोन्ही प्रवाह मध्यावर एकमेकांवर आपटतात, फुटतात, आणि फुटलेलं पाणी सगळीकडे पोचतं.

तेव्हापासून माझी रोजची ड्युटी सुरू झाली. सकाळी नाश्ता झाला की माशाच्या खाण्याची चिमूटभर पूड पाण्यात सोडायची आणि कण कुठे जातात ते बघायचं. कुठे गरगरतात, कुठे बसतात, कुठे जातच नाहीत. वहीत टाकीचं चित्र काढून बाण मारायचे. मग पंखा बोटभर वळवायचा आणि आठवडाभर हात लावायचा नाही, कारण प्रवाळ त्याच दिवशी काही सांगत नाही. मागचा मोठा खडक दोन चपट्या दगडांवर उचलून ठेवला, तेव्हा खालून पाणी जायला लागलं आणि तो लाल थर महिन्याभरात आपोआप गेला. हातोडीला दोन वेळा जागा बदलून दिली. पहिली जागा जास्त शांत निघाली, तिथे ती मिटून बसायची.

हे सगळं मी लेकाच्या खुर्चीत बसून केलं. एके दिवशी तिथेच मला एक जुनी गोष्ट आठवली. टाकी आणली त्या वर्षी तो मला म्हणाला होता, "बाबा, तुम्ही पाण्यातला माणूस. हा कोपरा सारखा घाण का राहतो हो?" मी पेपर खाली न ठेवता सांगितलं, "जोर वाढव." तो "हो" म्हणाला. जोर त्याने वाढवला नाही, खडक हलवला. पण मला विचारलं, याचा मला केवढा आनंद झाला होता! महिनाभर ऑफिसात सांगत होतो की माझा इंजिनियर मुलगा पाण्याचं मला विचारतो. आता कळतं, उत्तर त्याला आधीच माहीत होतं. त्याला मला विचारायचं होतं, एवढंच.

मागच्या मंगळवारी, अकराच्या सुमारास, हातोडी पूर्ण उघडली. दोन्ही तोंडं टम्म फुगली, आणि बुडाशी मुगाएवढं तिसरं दिसलं. आईने शेजारणीला हाक मारून आणलं. दोघी काचेला नाक लावून उभ्या. आई म्हणाली, "अहो, बरं वाटलं ना?" मी हो म्हटलं. खरं सांगतो, मला काहीच वाटलं नाही. वहीत तारीख घातली आणि हात धुतले. दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात, मग ओठ असतो पण आपला वाटत नाही, तसं माझं तो गेल्यापासून सगळंच झालंय. चौतिसाव्या वर्षी माणूस ऑफिसच्या जिन्यात दम खायला बसतो आणि उठत नाही, हे मी लोकांना जसंच्या तसं सांगू शकतो. आवाज हलत नाही. लोक म्हणतात, काका खंबीर आहेत. मी मान डोलावतो. जेवण जातं, झोप लागते. याची लाज वाटायला हवी, तीही वाटत नाही.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो. तू दर रविवारी फोन करतेस आणि आईला पहिलं वाक्य तेच बोलतेस, "माझ्यामुळे गेलं सगळं, मला त्याचं तेवढंही सांभाळता आलं नाही." त्याला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू माशांना खाणं घातलंस. खाणं घालताना पंखे बंद ठेवायचे असतात, आणि ते परत लावायला आपण विसरलो, असं तू धरून चालली आहेस. तू विसरली नव्हतीस. तू उठून गेल्यावर ते चालू होते, मी ऐकत होतो. दुपारी घर माणसांनी भरलं होतं, आणि त्या सगळ्या कुजबुजीच्या खाली ती घरघर चालूच होती. तो घरात असला की जशी असायची तशीच. मला ती सहन झाली नाही. मी भिंतीवरचं पंख्यांचं बटण बंद केलं. वाटलं, घटकाभर. मग शांत झालं, आणि मी ते तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेलेले मासे तरंगताना बघून तू किंचाळलीस आणि "मी विसरले" म्हणालीस. मी तिथेच उभा होतो. तेव्हा बोललो नाही, आणि पुढचे सात महिनेही नाही. काल आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगता, तिला सांगा." म्हणून हे पत्र. माफ कर असं लिहायला हवं, पण ज्या माणसाला काही वाटत नाही त्याने ते लिहिणं खोटं ठरेल. वाटायला लागलं की लिहीन. तोवर एवढंच कर, पोरी. हे ओझं तुझं नाही, ते खाली ठेव. या रविवारी फोन मी उचलणार आहे. मला शिव्या दे, नाहीतर काहीच बोलू नकोस, मी धरून बसेन.

तुझाच, आणि आता तुझा अपराधीही,
बाबा