न दिसलेली पृथ्वी

१४ तारीख, सोमवार

प्रिय छोटी,

तुम्ही तिघं बरी असाल. इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट बाजूला टाकू नकोस. इथे थंडी वाढलीय, आईचे गुडघे कुरकुरतात, मोरीतला नळ अजून गळतोच आहे. ओळी तिरक्या गेल्यात, सांभाळून घे.

माझी तारांगणातली नोकरी सुटली. अंधारात घुमटाखाली उभं राहून लोकांना आकाश दाखवायचं, एवढंच तर काम. गेल्या महिन्यात एका शाळेची मुलं आली होती. चंद्रावरून पृथ्वी कशी दिसते, हा माझा आवडता भाग. मी रंगात येऊन सांगत होते, "पाहा, आपल्याला चंद्र दिसतो ना, त्याच्या जवळजवळ चौपट रुंद आहे ती! निळी, वर ढगांचे पांढरे फराटे. तिथल्या आकाशात ती उगवत नाही, मावळत नाही, टांगून ठेवल्यासारखी एकाच जागी असते. आणि आपल्याकडे अमावस्या असली की तिथे पृथ्वी पूर्ण भरलेली."

पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "बाई, पण कुठाय?"

"अगं, ही काय, डोक्यावर!" मी हात वर केला.

सगळा घुमट खो खो हसला. यंत्र मघाच बंद पडलं होतं. वर नुसता मिट्ट काळोख होता.

साहेबांनी मला बाहेर नेलं. "तुम्हाला दिसत नाही का हो?" त्यांनी हळूच विचारलं. किती दिवस टाळणार? हो म्हटलं.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं, शेवटी नळीतून पाहावं तेवढंच उरतं. औषध नाही. "घरात कुणाला होतं?" मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात बाबा आठवले.

तुझ्या लग्नात, दिवेलागणीला, ते तुझ्या सासऱ्यांच्या अंगावर कोलमडले. "आज तरी प्यायला नको होतंत," तू म्हणालीस. "नाही गं प्यालो," ते म्हणत राहिले. त्यानंतर तू घरात पाऊल टाकलं नाहीस, ते गेले तेव्हाही नाही. छोटी, ते खरंच प्याले नव्हते. त्यांना दिसत नव्हतं.

तुला टोचायला लिहीत नाही. आईने तर जन्मभर त्यांचं तोंड हुंगलं, आणि वास आला नाही की म्हणायची, "लपवायला शिकलेत." तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. जीभच उचलत नाही.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. हे रक्तातून येतं. तू डोळे तपासून घे. आणि तुझी लेक धांदरट आहे, संध्याकाळी सारखी धडपडते, असं मावशी सांगत होती. तिलाही ने. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

आणि तोवर तिच्यावर ओरडू नकोस गं.

उत्तर जरा ठळक लिही. वाचता येतंय तोवर तुझ्या अक्षराची वाट पाहणारी,

तुझी ताई