गाडी साध्या पेट्रोलवर चालवावी

मी, भाईदास दगडू बोरसे, वय सहासष्ट, मूळ राहणार तालुका शिंदखेडा, हल्ली राहणार डिंडोली, सुरत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी समज शाबूत आहे. छातीचे डॉक्टर म्हणतात की फुप्फुसं थकली आहेत, डोकं नाही. तसा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेलं नाही. उलट महिनाभर घरातले सगळे माझ्याशी जरा जास्तच गोड बोलत आहेत, पण म्हणून माझा निर्णय बदललेला नाही. घरी आम्ही अहिराणी बोलतो. कागद सगळ्यांना कळावा म्हणून मराठीत लिहितो. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. डिंडोलीचं दोन खोल्यांचं घर आणि पोस्टातली ठेव माझी पत्नी पुष्पाबाई हिची, पूर्ण मालकीहक्काने. पुढे ते कोणाला द्यायचं हे तिने ठरवावं. तिला सल्ला द्यायला माझे भाऊबंद येतील. त्यांना चहा द्यावा आणि वाटेला लावावं.

२. माझा चुलतभाऊ दगा याने माझा जॅक नेला तो परत आणला नाही. मी माघारी मागणार नाही. जॅक त्याच्याकडेच राहू द्यावा, फक्त माझ्या दहाव्याला त्याने आमच्या प्रेमाचे किस्से सांगू नयेत.

३. आता मुख्य गोष्ट. माझा छोटा पेट्रोल ट्रक, त्याचे कागद, ताडपत्री, दोर आणि पान्यांची पेटी मी माझी मुलगी नूतन हिला देतो.

हे ऐकून पुष्पाबाई म्हणाली, "गाडी आंडेरले? मंग आंडोरले काय?" मुलीला गाडी दिली तर मुलाला काय, हा तिचा सवाल रास्त आहे. आमच्यात गाडी मुलाकडेच जाते. माझा मुलगा कुंदनही लहानपणापासून हेच धरून चालला आहे. म्हणून कारण लिहिणं भाग आहे.

गेल्या उन्हाळ्यात गाडी वाजायला लागली. गोडादऱ्याच्या खात्यातून, म्हणजे मागाच्या कारखान्यातून, कापडाचे ताके भरायचे आणि मार्केटला पोचवायचे, हा आमचा धंदा. भरलेली गाडी पुलावर चढली की इंजिनातून टिकटिक यायची, पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवल्यासारखी. कुंदन खात्यात मास्तर आहे, माग दुरुस्त करतो. यंत्राचं त्याला कळतं आणि कळतं हे त्यालाही माहीत आहे. त्याने पंच्याण्णव ऑक्टेनचं महाग पेट्रोल भरलं. टिकटिक कमी झाली. "दखा बाबा, आते कशी पळस!" म्हणून गल्लीत त्याने सगळ्यांना चहा पाजला. मे महिन्यात आवाज दुपटीने परत आला. मग गॅरेजवाला भगवान मिस्त्री म्हणाला, इंजिनाचं हेड उघडावं लागेल, म्हणजे मोठा खर्च. कुंदन म्हणाला, उघडायचं कशाला, विकूनच टाकू. गिऱ्हाईकही घेऊन आला.

नूतन सासरहून परत आल्यापासून गाडी तीच चालवते. (तिच्या सासरच्यांबद्दल मी या कागदात काही लिहीत नाही. कागद कोर्टात दाखवावा लागतो.) तिने गिऱ्हाइकाला ओट्यावर बसवलं आणि मला शेजारी घेऊन निघाली. आधी रिकामी गाडी पुलावर नेली, आवाज नाही. मग ताके भरून नेली, आवाज आला. गिअर खाली टाकला, आवाज कमी झाला. "बाबा, भरेल गाडीच वाजस, आनि काटा दखा," ती म्हणाली. तापमानाचा काटा वर चढला होता. परत आल्यावर तिने पुढची जाळी खोलली. रेडिएटरवर धाग्याची लव गोधडीसारखी बसली होती. वारा आत जाणार कुठून?

ही लव आम्हीच बसवली. खात्यामागे सावली एकाच ठिकाणी, हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याखाली. सगळे गाडीवाले तिथेच गाडी लावतात, आणि पंखा दिवसभर मागांची लव गाडीच्या तोंडावर फेकतो. तिने पाण्याने जाळी धुतली, साधं पेट्रोल भरलं आणि तेच ताके घेऊन पूल चढली. मी कान लावून बसलो होतो. इंजिन गप्प. त्या दिवशी मला फार आनंद झाला आणि मी तो दाखवला नाही, तो आता इथे लिहितो.

म्हणून नूतनला सूचना: कंपनीच्या पुस्तकात साधं पेट्रोल लिहिलं आहे, तेच भरावं. महाग पेट्रोलाने ताकद वाढत नाही. ते दाबाखाली आणि उष्णतेत अवेळी पेटत नाही, एवढाच त्याचा गुण. ज्या इंजिनाला ते लागतं त्याला द्यावं. आपल्या इंजिनाला वारा हवा होता. पूल चढताना गिअर वेळेवर उतरवावा, आणि गाडी उन्हात लावावी लागली तरी चालेल.

कुंदन, तुला कळत नाही म्हणून गाडी दिली नाही असं मनात आणू नकोस. तुझ्या हाताला खात्यात काम आहे. नूतनच्या हाताला ही गाडीच आहे. रात्ररात्र दवाखान्यात माझ्या उशाशी तूच बसलास. माझा तुझ्यावर फार जीव आहे, आणि तू गाडी विकशील हेही मला माहीत आहे.

४. भगवान मिस्त्रीवर माझा राग नाही. त्याला मुद्दाम साक्षीला बोलावलं आहे, म्हणजे हेडची गोष्ट त्याला वाचायला मिळेल.

५. वकीलबाई सांगतात, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. या कागदात कुंदनला काहीच मिळत नाही, म्हणून साक्षीदाराची पहिली जागा मी त्याच्यासाठी सोडली आहे. त्याने सही केली नाही तर शेजारच्या मंदाबाई करतील आणि गाडी तरीही नूतनचीच राहील. फक्त माझ्यामागे तिला भाऊ राहिला की नाही, ते या जागेवरून कळेल. इथवरचा कागद मी त्याला वाचायला दिला होता. तो वाचून, कागद परत माझ्यापुढे ठेवून बाहेर गेला आहे. आम्ही थांबलो आहोत.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझ्या मनासारखा आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मी त्यावर सही करत आहे.

ठिकाण: डिंडोली, सुरत
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२५

लिहून देणार: भाईदास दगडू बोरसे (सही)

साक्षीदार २: भगवान सुकदेव मिस्त्री (सही). हेडबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे.

साक्षीदार १: कुंदन भाईदास बोरसे (सही). उशीर झाला, कारण खाली गाडीची जाळी धूत होतो. ताई, परत लव बसली होती.