माळ्यावरची तार आणि खांबातला देव

समुद्रपूर,
दि. १७ जानेवारी १९८४

चिरंजीव प्रभाकरराव यांस,

मधुकररावांचे आशीर्वाद, आणि आशीर्वादाच्या पाठोपाठ एक गंभीर तक्रार. आंतर्देशीय पत्राच्या कडेला सरकार स्वतःचा डिंक लावून देतं. तेवढ्यावर विश्वास न ठेवता तुम्ही वरून घरची भाताची खळ थापता. तुमचं पत्र उघडायला मला वाफ, पातं आणि शेवटी दात लागले, आणि कागद दोन ठिकाणी फाटला. पहिल्या भोकात तुमचा गुडघा गेला. ‘गुडघा आता’ इथवर वाचता येतं आणि पलीकडे एकदम ‘म्हणून सायकल विकली नाही’ असं येतं. तेव्हा गुडघा सुधारला आहे असं मी सायकलीवरून ठरवलं आहे. दुसऱ्या भोकाआधी ‘माळ्यावरून आणि भिंतीतून न्यायची तर तार मात्र’ एवढं आहे, आणि भोकानंतर ‘हे विसरू नका’. जे वाचायलाच मिळालं नाही ते विसरायचं कसं, हे मला पाठशाळेत कोणी शिकवलं नाही.

इकडे सर्वांची प्रकृती ठीक. तुमच्या बहिणीचा, म्हणजे आमच्या सुमित्राचा, आवाजही पूर्ववत आहे. आई भाद्रपदात न्हाणीत पडली तेव्हापासून मागच्या खोलीतल्या खाटेवरच आहे, हे तुम्ही पाहून गेलाच होतात. तिच्यासाठी तुम्ही दिवाळीत स्पीकरच्या दोन खोक्यांचा तो टेप आणलात, त्याबद्दल सारं घर तुमचं ऋणी आहे (परवापर्यंत पूर्ण होतं, आता थोडं कमी). यंत्र बैठकीत ठेवायचं, एक खोका तिथेच आणि दुसरा आईच्या खोलीतल्या लाकडी खांबावर टांगायचा, असं ठरलं. तिला ऐकायचं काय, तर माझीच पोथी. बावीस वर्षं मी शाळेत संस्कृत शिकवतो आहे आणि माझ्या आवाजावर पोरं झोपतात. जागं राहून ऐकणारी जगात ही एकच व्यक्ती, तेव्हा मी हौसेने नऊ कॅसेटी भरल्या. सुमित्रा वावरात जाताना टेप लावून जाते, मी शाळेत असतो आणि आई कॅसेट संपेपर्यंत मला ऐकते.

आता बैठक आणि मागची खोली यांच्यात मधलं घर, आणि त्याच्या माळ्यावर यंदाचा सगळा कापूस. तार न्यायची ती कापसावरूनच. तुमचं पत्र तर फाटलेलं. म्हणून शेजारच्या जाम गावाहून डोमाजीला बोलावलं. लग्नात भोंगे बांधणारा हाच. तुमच्या बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी शिटी वाजत राहिली, ती याच्याच हातची. त्याने मांडवातली उरलेली जुनी तार आणली, पिळाची, मध्ये मध्ये उकललेली. मी भीत भीत म्हटलं, ही जरा बारीक वाटते. त्यावर तो म्हणाला, “गुरुजी, तार ते तार. तिच्यातून लाईट गेला का भजन गेलं, तिले काय समजते? तुमी काऊन घोर करून राह्यले?” या सिद्धांतावर मला आक्षेप घेता आला असता. घट निराळा आणि पट निराळा हे मी तरुणपणी न्यायशास्त्र शिकताना सहा महिने घोकलं आहे. पण डोमाजी तोवर माळ्यावर चढला होता आणि शिडी माझ्या हातात होती.

पुढे त्याने जे केलं ते मी क्रमाने सांगतो, तुम्ही बसून वाचा. माळ्यावरच्या दिव्याची जुनी वायर होती, तिलाच त्याने ही तार गुंडाळत नेली, म्हणजे खिळे वाचले. मग मातीच्या भिंतीला सब्बलीने भोक पाडलं. त्यातून तार सरकेना, तेव्हा त्याने सुमित्राकडून वाटीभर जवसाचं तेल मागितलं आणि सगळ्या तारेला बोटांनी चोपडलं. तार सुळकन गेली. सुमित्राने कौतुकाने त्याला दोनदा चहा दिला. कापसातली सरकी खायला माळ्यावर उंदीर येतात हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. सरकीच्या शेजारी आपण तेलात माखलेली शेवई टांगून ठेवली आहे, हे मात्र तिघांपैकी एकालाही सुचलं नाही.

परवा रविवारी मी घरी होतो. टेपवर तो अध्याय चालू होता, ज्यात राक्षस बाप पोराला विचारतो की तुझा देव या खांबात आहे काय. (हा प्रश्न मी फार चढ्या आवाजात वाचला आहे.) त्याच वेळी तुरीच्या डाळीचा डबा काढायला सुमित्राने माळ्याचा दिवा लावला. उंदरांनी दोन्ही तारांची कातडी सोललेली, तेल त्यांनी आनंदाने संपवलेलं, आणि उघडं तांबं उघड्या तांब्याला टेकलेलं. दिव्याची वीज पोथीच्या तारेत शिरली. आईच्या खांबावरच्या खोक्याने अशी गर्जना केली की ओसरीतली गाय दावं तोडून रस्त्यावर गेली. मग खोक्यातून धूर, आणि माळ्यावरूनही धूर. पर्वतावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे हे अनुमान मी शेकडो पोरांकडून पाठ करून घेतलं आहे. मी शिडीखाली उभा राहून त्याच अनुमानाची तयारी करत होतो, तोवर तुमच्या बहिणीने मेन स्विच खाली ओढला, बादली घेतली आणि चढलीसुद्धा. ओंजळभर कापूस काळा झाला होता. तेवढ्यावर निभावलं.

आईच्या खोलीत गेलो तर ती खांबाकडे हात जोडून, डोळे भरून पाहत होती. तिला वीज, उंदीर, तेल, डोमाजी, सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुह्या पोथीले इतक्या वर्सांनी देव आलता, अन् तुमी बादल्या घेऊन धावले काऊन?” कालपासून गल्लीतल्या बाया दर्शनाला येत आहेत. रुख्माबाईंनी जळक्या खोक्याला हळदकुंकू वाहिलं, देवकाबाईंनी नारळ ठेवला. नरसिंहाचं मूळ स्थान कुठलं यावर मी दोन शब्द बोललो, तर देवकाबाईंनी मला हळू आवाजात बोलायला सांगितलं.

कांताला आणि मुलांना आशीर्वाद. गुडघा जपा.

आपला,
मधुकर

ता. क. – खोका दुरुस्त होईल असं वर्ध्याचा कारागीर म्हणतो. आईला तो त्याच खांबावर हवा आहे, दुसरीकडे टांगलेला चालणार नाही. डोमाजीही त्याच तारेचं उरलेलं वेटोळं घेऊन यायला तयार आहे. त्याआधी तुम्ही तुमच्या कारखान्यात विचारून चांगली तार पाठवा. बैठकीतून मागच्या खोलीपर्यंत अठ्ठेचाळीस हात भरतं. तांबं जाड असावं, वरचं वेष्टण पेट न घेणारं असावं, आणि माळ्यावर व भिंतीतून ती लोखंडी नळीतून नेता यावी. दिव्याच्या वायरीपासून किती लांब ठेवायची तेही लिहा. तेल लावायचं नाही, एवढं आम्हाला कळलं आहे.

ता. क. दुसरा – वरचं सगळं सुमित्राला वाचून दाखवलं, ती पुष्कळ हसली. हे तिला दाखवलेलं नाही. परवा रविवार होता म्हणून आम्ही दोघं घरी होतो. इतर दिवशी सकाळी दहापासून घरात आई एकटी असते, आणि वर कापूस. तिला खाटेवरून उठता येत नाही. पण मला भीती त्याची नाही वाटत. खोलीत धूर भरला होता, प्रभाकरराव, आणि तिने हाकसुद्धा मारली नाही.